परदेशी दाम आणि हुंडणावळीचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. तेरणेच्या काठी वसलेल्या ह्या गावाची त्याहूनही जुनी ओळख तगर ह्या नावाने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या सागरी व्यापाराच्या वर्णनग्रंथात तगरचा उल्लेख येतो. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरात जाते, असे त्याचा अनामिक लेखक सांगतो. त्याच ग्रंथात भडोच येथे उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत सोन्याचांदीच्या नाण्यांचाही समावेश असून ती नाणी देशी चलनात बदलून घेतली असता नफा होतो, अशी नोंद त्या लेखकाने केली आहे.

नोंद एका ओळीची आहे, पण तिचा अर्थ मोठा आहे. माल विकणे हा एक व्यवहार आणि त्या मालाबद्दल आलेले परके नाणे आपल्या नाण्यात बदलून घेणे हा दुसरा व्यवहार. पहिल्या व्यवहारात जसा नफा-तोटा असतो तसाच तो दुसऱ्यातही असतो. पहिला सर्वांना दिसतो. दुसरा ज्याला दराची माहिती आहे त्यालाच दिसतो. तगरच्या विणकराच्या काळी जे खरे होते तेच आज भ्रमणध्वनीवरून परदेशी ग्राहकाला माल विकणाऱ्या बचत गटाच्या बाबतीतही खरे आहे.

आपल्या जुन्या बाजारभाषेत चलनबदलाच्या ह्या खर्चाला बट्टा म्हणत, तर चलनांच्या परस्पर दराला व त्यावरील आकारणीला हुंडणावळ हा शब्द होता. हे शब्द आज मागे पडले असले तरी खर्च मात्र मागे पडलेला नाही.

हाली आणि कलदार

ह्या खर्चाचा अनुभव धाराशिव जिल्ह्याइतका महाराष्ट्राच्या फार थोड्या भागांना आला असेल. उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. त्याला उस्मानिया सिक्का किंवा बोलभाषेत हाली सिक्का म्हणत. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला लागून असलेली बार्शी व त्यापलीकडचे सोलापूर इंग्रजी मुलखात होते. तेथे इंग्रज सरकारचा रुपया चाले. त्यास कलदार म्हणत. बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी बार्शीस पोहोचली आणि १९११ साली तोच मार्ग येडशीवरून लातूरपर्यंत गेला. त्यामुळे संस्थानी मुलखातील माल इंग्रजी मुलखातील बाजारपेठेशी अधिक घट्ट जोडला गेला.

माल असा सीमेपलीकडे जाई, परंतु शेतसारा संस्थानच्या खजिन्यात हाली रुपयांतच भरावा लागे. म्हणजे बार्शीत कलदार घ्यावयाचे, घरी येताना त्याचे हाली करावयाचे आणि मग सारा, देणे व बाजारहाट भागवावयाची. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली असा ठरीव दर होता. सोप्या भाषेत सहा कलदारांस सात हाली. बाजारात तो थोडाफार खाली-वर होई.

साठ कलदारांचा कापूस विकणाऱ्याच्या हाती ह्या दराने सत्तर हाली पडावयास हवे होते. सराफाने एकोणसत्तर दिले तर सत्तरात एक रुपया गेला, म्हणजे शेकडा जवळजवळ दीड रुपया. पण साठ देऊन एकोणसत्तर हाती आले म्हणजे मोजणाऱ्यास वाटे की नऊ रुपये वाढले! आकडा वाढला की फायदा झाला असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि बट्टा नेमका त्या वाढलेल्या आकड्याच्या आड लपतो. सहास सात हे कोष्टक ज्याला तोंडपाठ होते त्याला हा रुपया दिसे. ज्याला नव्हते त्याला तो कधीच दिसत नसे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानचे विलीनीकरण झाले. १९५० साली भारतीय रुपया तेथे रीतसर चलनात आला आणि पुढील काही वर्षांत हाली सिक्का व्यवहारातून निघून गेला. बार्शीचा रुपया आणि धाराशिवचा रुपया एकच झाल्याने सीमेवरील हा बट्टा कायमचा मिटला. आता हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा दारात आला आहे. सीमा दूर गेली आहे आणि सराफाची पेढी संगणकाच्या पडद्यावर आली आहे, इतकाच फरक.

आजचा बट्टा कोठे असतो?

जिल्ह्यातील एखाद्या महिला गटाने हाताने शिवलेली गोधडी, जिला ह्या भागात वाकळ असेही म्हणतात, अमेरिकेतील ग्राहकाने संकेतस्थळावरून मागविली असे समजू. ग्राहक आपल्या कार्डावरून डॉलर भरतो. ते डॉलर प्रथम पेमेंट स्वीकारणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जातात. तेथून ते रुपयांत रूपांतरित होऊन किंवा डॉलरच्याच रूपात बँकेत येतात आणि अखेर गटाच्या खात्यात रुपये जमा होतात. ह्या वाटेवर तीन ठिकाणी पैसा गळतो.

पहिली गळती उघड असते. मध्यस्थाचे सेवाशुल्क, बँकेचे शुल्क, तारेने पैसे पाठविल्यास मधल्या बँकांनी कापलेली रक्कम हे सारे हिशेबाच्या कागदावर लिहिलेले असते.

दुसरी गळती दरात असते. आंतरबँक बाजारात डॉलरचा जो दर चालू असतो, त्यापेक्षा काहीसा कमी दर विक्रेत्याला दिला जातो. हा फरक म्हणजेच मध्यस्थाची कमाई. तो शुल्क म्हणून बहुधा वेगळा दाखविला जात नाही. ‘शुल्क शून्य’ अशी जाहिरात करणारी सेवाही दरात आपला वाटा काढून घेऊ शकते. एकोणसत्तर हाली मोजून देणाऱ्या सराफाचीच ही रीत होय.

तिसरी गळती कराची आहे. चलनबदल ही सेवा असल्याने तिच्यावर वस्तू व सेवा कर लागतो. हा कर संपूर्ण रकमेवर नसतो. नियमाने ठरविलेल्या अल्प मूल्यावर असतो. बँका सामान्यतः जी श्रेणीपद्धत वापरतात तीत एक लाख रुपयांपर्यंतच्या रकमेस शेकडा एक हे मूल्य धरले जाते, मात्र ते किमान २५० रुपये मानले जाते. त्यावर १८ टक्के कर म्हणजे किमान ४५ रुपये. चलनबदल पाच हजारांचा असो की पंचवीस हजारांचा, हे ४५ रुपये चुकत नाहीत.

आकड्यांनी पाहू

हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा बाजारदर ९० रुपये धरू. गोधडीची किंमत १०० डॉलर, म्हणजे ९,००० रुपये. मध्यस्थाने ४ डॉलर शुल्क कापले, उरले ९६. बाजारदराहून तीन टक्के कमी, म्हणजे ८७ रुपये ३० पैसे दराने त्याचे रुपये केले. खात्यात आले ८,३८० रुपये ८० पैसे. कर व बँकेचे शुल्क बाजूला ठेवले तरी ६१९ रुपये २० पैसे वाटेतच राहिले. त्यातील ३६० रुपये शुल्काचे, ते कागदावर दिसले. उरलेले २५९ रुपये २० पैसे दरातील, ते कोठेही लिहिलेले नव्हते.

नऊ हजारांत सहाशे रुपये ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु कापड, दोरा, मजुरी, बांधणी व टपालखर्च वजा जाता गटाला शेकडा पंधरा, म्हणजे १,३५० रुपये सुटत असतील, तर त्या नफ्यातील जवळजवळ निम्मा भाग चलनबदलाच्या वाटेवर गेला असे होते. महिनाभर टाका घालणाऱ्या बाईची कमाई आणि पैसा इकडून तिकडे करणाऱ्याची कमाई बरोबरीला येते. म्हणून हा विषय केवळ हिशेबनिसाचा नाही. ग्रामीण उत्पादकाला परदेशी बाजार खरोखर परवडेल किंवा नाही, हे पुष्कळदा ह्यावरच ठरते.

खर्च कमी करण्याचे मार्ग

हा खर्च पूर्णपणे टाळता येत नाही, पण तो निश्चित कमी करता येतो. त्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. माहितीची व नियमित नोंदीची गरज आहे.

सर्वांत प्रथम मूळ दर माहीत हवा. डॉलर, पौंड, युरो व येन ह्यांचे रुपयातील संदर्भ दर प्रत्येक कामकाजाच्या दिवशी जाहीर होतात. पूर्वी हे काम भारतीय रिझर्व्ह बँक करीत असे. जुलै २०१८ पासून ते फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ह्या संस्थेकडे आले आहे. ज्या दिवशी रक्कम रूपांतरित झाली त्या दिवशीचा संदर्भ दर आणि प्रत्यक्ष मिळालेला दर एकमेकांशेजारी लिहून ठेवावेत. दोहोंतील फरक शेकडा किती, हे काढले की बट्टा उजेडात येतो. दर दिवसभरात हलत असल्याने थोडा फरक पडणारच. पण तो महिनोन्महिने एकाच दिशेने तीन-चार टक्के पडत असेल तर मध्यस्थ बदलण्याचा विचार करावयास हवा.

दुसरी गोष्ट, दोन सेवांची तुलना करताना शुल्काची तुलना करू नये. शंभर डॉलर भरले असता अखेर खात्यात रुपये किती आले, ह्याची करावी. शुल्क कमी पण दर वाईट, किंवा शुल्क जास्त पण दर चांगला, असे दोन्ही प्रकार आढळतात. अखेरचा आकडा दोहोंची बेरीज आपोआप सांगतो.

तिसरी गोष्ट दुहेरी चलनबदलाची. दुकान डॉलरमध्ये मांडलेले आणि ग्राहक जर्मनीतला, म्हणजे पैसे युरोत देणारा, असे झाले तर आधी युरोचे डॉलर व मग डॉलरचे रुपये होतात. पहिल्या बदलात अडीच टक्के व दुसऱ्यात तीन टक्के गेले तर मिळून जवळजवळ साडेपाच टक्के जातात. पहिला भार बहुधा ग्राहकावर पडतो, पण त्यामुळे वस्तू त्याला महाग होते आणि विक्री घटते. ज्या देशात ग्राहक अधिक आहेत त्या देशाच्या चलनात किंमत मांडण्याची व ते चलन थेट रुपयांत आणण्याची सोय असेल, तर ती घ्यावी. किंमत रुपयांतच मांडण्याचाही मार्ग आहे. तसे केल्याने चलनबदल ग्राहकाच्या बाजूला होतो. खर्च नाहीसा होत नाही, खांदा बदलतो. ओळखीच्या, नियमित घेणाऱ्या ग्राहकाशी हे जमू शकते. नव्या ग्राहकाला परके चलन पाहून संकोच वाटतो.

चौथी गोष्ट रक्कम एकत्र करून बदलण्याची. पाच-पाच हजारांच्या दहा रकमा दहा वेळा स्वतंत्रपणे बदलल्या तर किमान कर दहा वेळा, म्हणजे ४५० रुपये लागतो. तीच पन्नास हजारांची रक्कम एकदाच बदलली तर शेकडा एक ह्या हिशेबाने मूल्य ५०० रुपये आणि त्यावर कर ९० रुपये. केवळ एकत्र केल्याने ३६० रुपये वाचले. प्रत्येक जमेवर बँक ठरावीक शुल्क घेत असेल तर तेही दहाऐवजी एकदाच लागते. रोजच्याऐवजी आठवड्याने रक्कम घेण्याचा पर्याय मध्यस्थ देत असेल तर तो निवडावा. मात्र दर वाढेल ह्या आशेने रक्कम रोखून धरणे ही काटकसर नव्हे; तो सट्टा होय. मिळालेला दर पुढच्या आठवड्यात घसरूही शकतो.

पाचवी गोष्ट विदेशी चलनातील खर्चाची. दुकानाचे भाडे, जाहिरात किंवा परदेशातील वाहतूक ह्यांसाठी डॉलर द्यावे लागत असतील, तर आलेल्या डॉलरचे रुपये करून पुन्हा रुपयांचे डॉलर विकत घेणे म्हणजे दोन्हीकडून बट्टा देणे होय. ह्यासाठी निर्यातदाराला बँकेत विदेशी चलनाचे खाते ठेवता येते. ते ईईएफसी खाते ह्या नावाने ओळखले जाते. निर्यातीपोटी आलेली संपूर्ण रक्कम त्यात विदेशी चलनातच जमा करता येते आणि मान्य कारणांसाठी त्यातूनच खर्च करता येतो. हे चालू खाते असल्याने त्यावर व्याज मिळत नाही. एका महिन्यात जमा झालेली रक्कम, मान्य खर्च वजा जाता, पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयांत बदलावीच लागते. ज्या गटाचा परदेशी खर्च नगण्य आहे त्याला ह्या खात्याची गरज नाही. ज्या उत्पादक कंपनीचा तो नियमित आहे तिला ते उपयोगी पडेल.

सहावी गोष्ट परत येणाऱ्या मालाची. ग्राहकाने वस्तू परत केली की घेतलेले डॉलर परत द्यावे लागतात. ८७ रुपये ३० पैशांनी विकलेला डॉलर ९२ रुपये ७० पैशांनी विकत घ्यावा लागला, तर शंभर डॉलरच्या एका परतीत माल जसाच्या तसा आला तरी ५४० रुपये गेले. म्हणून मापे, रंग व धुण्याच्या सूचना संकेतस्थळावर बिनचूक देणे हासुद्धा चलनबदलाचा खर्च वाचविण्याचाच एक मार्ग आहे. वाकळीची लांबी-रुंदी इंचांत व सेंटिमीटरमध्ये लिहिण्यास काहीच पैसे पडत नाहीत.

सातवी गोष्ट, रकमेच्या आकाराप्रमाणे वाट निवडावी. बँकेतून तारेने येणाऱ्या रकमेवर ठरावीक शुल्क जास्त असते, परंतु दरातील फरक कमी असू शकतो. एखादी बँक दर व्यवहारास १,५०० रुपये व अर्धा टक्का घेते आणि मध्यस्थ कंपनी एकूण पाच टक्के घेते असे धरले, तर सुमारे ३३ हजार रुपयांच्या खालच्या रकमेस मध्यस्थ स्वस्त पडतो आणि त्यावरील रकमेस बँक. किरकोळ ग्राहकाची एक गोधडी मध्यस्थामार्फत व परदेशी दुकानदाराची पन्नास गोधड्यांची मागणी बँकेमार्फत, अशी विभागणी त्यामुळे योग्य ठरते. तारेने रक्कम मागविताना मधल्या बँकांचे शुल्क पाठविणाऱ्याने द्यावयाचे, घेणाऱ्याने द्यावयाचे की वाटून घ्यावयाचे, हे मागणीपत्रातच लिहून ठेवावे. पुढे त्यावरून होणारा वाद टळतो.

मोठ्या रकमेचा दर बँकेशी बोलून ठरविता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. ५ ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ‘एफएक्स-रिटेल’ ही व्यवस्था सुरू केली आहे. तीत नोंदणी केलेल्या बँकग्राहकाला डॉलर-रुपयाचा व्यवहार बाजारातील प्रत्यक्ष दराने करता येतो व बँकेचे शुल्क वेगळे दाखविले जाते. लहान गटाला तिचा लगेच उपयोग होणार नाही. परंतु शेतकरी उत्पादक कंपन्या, द्राक्ष निर्यातदार व गटांचे संघ ह्यांनी आपल्या बँकेत तिची चौकशी अवश्य करावी.

कायद्याची चौकट

काटकसरीच्या नावाखाली एक मोह होऊ शकतो. गावातील कोणाचा मुलगा वा पुतण्या परदेशात नोकरीस असतो. ग्राहकाने त्याच्या खात्यात पैसे भरावेत आणि त्याने इकडे घरच्यांना रुपये पाठवावेत किंवा तेथील रक्कम तेथेच ठेवून येथे कोणाकडून तरी रोख द्यावेत, ही युक्ती वरवर सोपी दिसते. ती करू नये. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ अन्वये निर्यातीचे मूल्य अधिकृत बँकमार्गाने व ठरीव मुदतीत भारतात आले पाहिजे. नातेवाइकाकडून आलेली रक्कम निर्यातीची रक्कम म्हणून नोंदली जात नाही. माल गेला पण दाम आले नाही, असे कागदावर दिसते आणि चौकशीस तोंड देण्याची वेळ येते.

सरळ मार्ग आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. आयात-निर्यात कोड हा विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो. त्याचे अर्जशुल्क ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जून ह्या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते. सीमापार पेमेंट हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या थेट नियंत्रणाखाली आणले. मध्यस्थ निवडताना तो रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेला आहे किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. लहान पार्सलांसाठी टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली असून डिसेंबर २०२२ च्या नियमांमुळे टपालाने जाणाऱ्या मालाचे निर्यात बिल ऑनलाइन भरता येते.

प्रत्येक जमेबरोबर बँकेकडून विदेशी रक्कम प्राप्तीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. निर्यातीशी निगडित कर-परतावा व अन्य सवलती मिळविताना ह्याच कागदाची गरज पडते. चलनबदलात दोन टक्के वाचवायचे आणि कागदाअभावी त्याहून मोठा परतावा गमवायचा, असे होऊ नये.

गावपातळीवर काय करता येईल?

हा विषय बँकेचा आहे, आपला नव्हे, असे समजून ग्रामपंचायत, शाळा व विस्तार यंत्रणा ह्यांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये. परदेशी विक्री करणाऱ्या प्रत्येक गटाकडे एक साधी वही असावी. तीत सहा रकाने पुरेसे आहेत: तारीख, ग्राहकाने भरलेली विदेशी रक्कम, त्या दिवशीचा संदर्भ दर, त्या दराने व्हावयाचे रुपये, प्रत्यक्ष जमा झालेले रुपये आणि दोहोंतील फरक शेकडा किती. ही वही गटाच्या मासिक बैठकीत वाचली जावी. पाच-सहा महिन्यांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे कोणती वाट महाग व कोणती स्वस्त, हे कोणाच्या सल्ल्यावाचून दिसू लागते.

सातवी-आठवीच्या वर्गात शेकडेवारी व नफा-तोटा शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण घ्यावे. सहा कलदार व सात हाली ह्यांचे गुणोत्तर आणि डॉलर-रुपयाचा आजचा दर शेजारी मांडले, तर जिल्ह्याचा इतिहास व घरचा हिशेब एकाच गणितात येतो. आईच्या गटाची वही लिहिणारी मुलगी हे गणित कधी विसरणार नाही.

एकेका गटाची उलाढाल लहान असते व म्हणून त्याला चांगला दर मिळत नाही. परंतु गटांचा संघ किंवा उत्पादक कंपनी ह्यांनी सर्वांची विक्री एका नावाने केली तर रक्कम मोठी होते, शुल्क एकदाच लागते आणि बँकेशी दराची बोलणी करता येतात. तालुक्याच्या ठिकाणच्या बँक शाखांत विदेशी चलनाचा व्यवहार होतोच असे नाही. आपल्या बँकेची कोणती शाखा तो करते, ह्याची माहिती अग्रणी बँक व जिल्हा उद्योग केंद्र ह्यांच्यामार्फत करून घेऊन ती गटांपर्यंत पोहोचविणे, हे विस्तार अधिकाऱ्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे. बँकांच्या जिल्हास्तरीय बैठकीत हा प्रश्न मांडला गेला तर तो एका गटाची तक्रार न राहता जिल्ह्याचा विषय होईल.

तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात रोमन जगाशी ह्या भूमीचे असलेले व्यापारी नाते सांगणाऱ्या वस्तू जतन केल्या आहेत. त्या काळी तगरचे कापड कोठवर गेले हे आपल्याला समजते; त्याच्या मोबदल्यात विणकराच्या हाती काय पडले, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. आज ते लिहून ठेवता येते. सहा रकान्यांच्या वहीस फारसा खर्च येत नाही. ती रोज भरली गेली तर जिल्ह्याच्या कारागिराने घातलेल्या टाक्याचे मोल किती आले आणि त्यातले घरी किती पोहोचले, हे त्याचे त्यालाच सांगता येईल.